खंडेनवमीचा ऑक्सिजन

ऑक्सिजनच्या खोलीचं दार उघडलं तर आत समई पेटलेली.

मी उंबऱ्यातच थांबलो. जमिनीवर रांगोळी, रांगोळीमागे दोन ओळींत उभे केलेले सिलेंडर, पुढच्या ओळीच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि पांढऱ्या खांद्यांवर हळदीकुंकवाची बोटं. समोर वेणूबाई झाडे हात जोडून उभ्या होत्या आणि स्वयंपाकघरातला मारोती नारळ कशावर फोडावा म्हणून इकडेतिकडे पाहत होता. दारावर मी स्वतः लावलेला फलक होता, ‘तेल, तूप, ग्रीस, विडी-काडी सक्त मनाई’. त्या फलकालाही एक बोट कुंकू लागलं होतं.

“वेणूबाई, ती समई आधी बाहेर न्या,” मी म्हणालो.

“आरती तं होऊ द्या जी. दोनच मिनिटं.”

“आत्ता.”

त्यांनी मुकाट्यानं समई उचलली. पाच वातींची, तेलानं काठोकाठ भरलेली समई माझ्या नाकासमोरून हलत हलत बाहेर गेली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जळायला इतकी मदत करतो की झडपेला तेलाचं बोट लागलं तरी भडका उडू शकतो. हे मी त्या रुग्णालयात इतक्यांदा सांगितलं होतं की माझे मलाच कान किटले होते.

मी तिथं औषधनिर्माता होतो. साताऱ्याकडचा माणूस, बदलीवर विदर्भातल्या त्या तालुक्याच्या गावी येऊन पडलेला. आलो त्याच आठवड्यात आमचे अधीक्षक डॉ. अलोणे यांनी ऑक्सिजनचं काम माझ्या गळ्यात घातलं. ऑक्सिजन हे काही औषध नाही, असं मी म्हणून पाहिलं. “मग काय आहे?” असं ते म्हणाले आणि किल्ल्या माझ्या हातात आल्या. तेव्हापासून अख्खं रुग्णालय मला ‘गॅसवाले खराडे’ म्हणत असे.

त्या खोलीचा कारभार साधा होता. डाव्या भिंतीशी आठ मोठे सिलेंडर जोडलेले, त्यांचा ऑक्सिजन नळीतून वॉर्डात जायचा. ते संपत आले की उजव्या भिंतीच्या आठांवर जायचं आणि रिकाम्यांच्या जागी भरलेले जोडायचे. बाकीचे मधल्या मोकळ्या जागेत उभे असत. भरलेला सिलेंडर आणि रिकामा सिलेंडर दिसायला सारखेच, म्हणून मी खडूच्या खुणा सुरू केल्या होत्या. भरलेल्यावर फुली, रिकाम्यावर गोल. उजव्या रांगेचा दाब दाखवणारा काटा जूनपासून एकशेवीसवर अडकून बसला होता. सिलेंडर भरलेला असो, रिकामा असो, की जोडलेलाच नसो, काटा एकशेवीस. तो बदलून मिळावा म्हणून मी अकरा पत्रं लिहिली होती आणि अकराव्याला उत्तर आलं होतं की आपलं पहिलं पत्र मिळालं.

तर त्या खुणांवर सगळी मदार होती. पण त्या सकाळी खुणांचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला दिसत होतं ते तेल.

“हे कुणी सांगितलं होतं?” मी विचारलं.

“सांगाले काय पाह्यजे जी? खंडेनवमी हाये. डायवर गाडी पुजते, डाक्टर आपली मशीन पुजते. याईच्या जिवावर तं मानसं जगतात इथी. मी तं दरसाल पुजतो.”

“दरसाल तुम्ही बाहेरून दाराला हार घालायचात. हे आत घुसणं कुठून आलं?”

“औंदा माहं शेवटचं साल हाये ना जी,” वेणूबाई म्हणाल्या. “मार्चमंदी रिटायर होतो. म्हनलं, यंदा चांगली धुऊनपुसून करू. मोठ्या डाक्टरले इचारलं होतं. थे म्हणे, करा.”

अठ्ठावीस वर्षं त्या बाई तिथं कक्षसेविका होत्या. डॉ. अलोण्यांनी ‘करा’ म्हटलं असणार यात मला तिळमात्र शंका नव्हती, कारण ते सगळ्यालाच ‘करा’ म्हणायचे. खोली खरोखरच लखलखत होती. फरशी धुवायला म्हणून त्यांनी उजव्या रांगेतले आठही सिलेंडर सोडवून मध्ये ओढले होते. म्हणजे डावी रांग संपली तर उजवीकडे जोडलेलं काहीच नाही.

“मारोती, उजवीकडे आठ सिलेंडर आधी जोडून घे. वेणूबाई, तुम्ही हात साबणानं धुऊन या आणि हे सगळं पुसून काढा. माळा बाहेर, रांगोळी बाहेर, हळद नको, कुंकू नको. नंतर उरलेले त्या कोपऱ्यात भिंतीला लावा.”

“सगळं पुसू?”

“सगळं.”

“सायेब, कुकवाचं तेवढं ऐका जरा. थे मी—”

“एक अक्षर नको, वेणूबाई. पुसा म्हटलं ना? मग पुसा.”

मारोतीनं विचारलं, “कोन्ते आठ जी?”

“भरलेले. दुसरे कुठले?”

त्यानं मान हलवली. मी बाहेर पडलो, टेबलाशी बसलो आणि रागाच्या भरात वेणूबाईंवर एक लेखी अहवाल खरडला. ‘वारंवार सूचना देऊनही सदर कर्मचारी ऑक्सिजन कक्षाच्या सुरक्षिततेबाबत अक्षम्य हलगर्जीपणा करीत असून त्यामुळे रुग्णांच्या जिवास धोका संभवतो.’ खाली सही, तारीख आणि वेळ, नऊ वाजून पन्नास मिनिटं. कागद अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला तेव्हा कुठं जरा बरं वाटलं.

मग मी गाडीच्या मागे लागलो. भरलेले सिलेंडर आणणारी गाडी नवाला यायची होती. दहा वाजले तरी पत्ता नाही म्हणून चालकाला फोन लावला.

“निघालात का?”

“निघतो ना सायेब. गाडीची पूजा राह्यली फक्त.”

“मग करा आणि निघा.”

“मुहूर्त साडेअकराचा हाये. महाराज दुसऱ्या गाडीवर हायेत आता.”

“अहो, इथं माणसं ऑक्सिजनवर आहेत.”

“म्हणून तं पूजा करून निघतो जी. रस्त्यात काही झालं तं?”

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या तालुक्यात त्या दिवशी शस्त्रं पुजली जात होती आणि एकही चालवलं जात नव्हतं.

वॉर्डात पाच जण ऑक्सिजनवर होते. चौघांचं थोडंफार मागंपुढं झालं तरी निभावलं असतं. पाचवी शालिनी बावणे. अंगणवाडीत काम करणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची, सहावा महिना लागलेला आणि दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. मास्क बाजूला केला की दोन मिनिटांत तिचे ओठ निळे पडायचे. जिल्ह्याला हलवायचं तर वाटेत टिकायची खात्री नव्हती. तिची सासू पदर खोचून दाराशी बसलेली असे आणि मी जाता-येता दिसलो की एकच प्रश्न विचारायची.

“गॅस हाये ना जी पुरेसा?”

“आहे, आजी.”

“नाई, तुमीच गॅसवाले म्हणते म्हणून इचारलं.”

त्या दिवशी साडेअकराला त्यांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. नोंदवहीप्रमाणे नऊ भरलेले होते. आठ उजवीकडे जोडलेले, एक शिल्लक. गाडी दुपारी आली तरी काळजी नव्हती.

बारा वाजून दहा मिनिटांनी डावी रांग उतरली. मी उजवीकडची झडप उघडली, डावीकडची बंद केली. काटा एकशेवीसवर होताच. चावी खिशात घातली आणि पाठ वळवली, तोच वॉर्डातून सिस्टर पौनीकरांचा फोन आला.

“खराडे, प्रेशर पडतंय.”

“आत्ताच रांग बदलली. एक मिनिट थांबा.”

“मिनिट झालं. फ्लो खाली येतोय. शालिनीचं सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी.”

“तिला छोटा सिलेंडर लावा.”

“लावते. पण एकच भरलेला आहे. पंचवीस मिनिटं फार तर.”

मी परत आत धावलो. आधी वाटलं एखाद-दुसऱ्या सिलेंडरची झडप मारोतीनं नीट उघडली नसेल. आठही झडपा एकेक करून तपासल्या. सगळ्या उघड्या. आठही सिलेंडर रिकामे. मी मध्ये बघितलं, कोपऱ्यात बघितलं. तिथं सोळा सिलेंडर उभे होते, आंघोळ घालून आणल्यासारखे स्वच्छ. त्यांच्यावर फुली नव्हती आणि गोलही नव्हता. जोडलेल्या आठांवरही नव्हता. अख्ख्या खोलीत खडूची एक रेघ शिल्लक नव्हती.

“मारोती,” मी ओरडलो. तो आला. “हे कुठले जोडलेस?”

“तुमी म्हणले भरलेले जोड.”

“मग हे भरलेले आहेत?”

“मले काय ठाव जी? बाई पुढचे पुसत होत्या, म्हणून मी मागच्या ओळीतले घेतले. थे पुसायचे नव्हते. काम लवकर व्हाव म्हणून.”

त्याच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता, तरी ओरडलो. छोट्या सिलेंडरची सहा मिनिटं गेली होती.

कोपऱ्यातल्या सोळांत नऊ भरलेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. झडप फटकन उघडून आवाजावरून ओळखावं, तर सकाळी याच सिलेंडरांना तेलाचे हात लागले होते. पुसलेले असले तरी त्या झडपा नुसत्या उघडायची माझी छाती होईना. हलवून पाहिले. भरलेला आणि रिकामा यांत नऊ-दहा किलोंचा फरक असतो, पण घामेजल्या हातांना सगळेच सारखे जड लागत होते. राहिला एकच मार्ग. प्रत्येकाची झडप कोरड्या फडक्यानं पुसायची, चालू काट्याचा एकुलता एक रेग्युलेटर लावायचा, नट आवळायचा, हळूहळू उघडायचं आणि वाचायचं. एकाला चार मिनिटं.

पहिला रिकामा निघाला. दुसरा रिकामा निघाला. तिसऱ्याची झडप गंजून बसलेली, ती हलेना. पाना घसरून माझ्या बोटाची सालं निघाली. दाराशी शालिनीची सासू येऊन उभी होती. कोण तिला तिथं येऊ देतं कोण जाणे.

“संपला का जी गॅस?”

“नाही संपला. आहे. इथंच आहे.”

“मंग देत काऊन नाई?”

नऊ सिलेंडर ऑक्सिजन माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि तो कुठला हे मला सांगता येत नव्हतं. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी वेणूबाईंना हाक मारली. त्या बाहेर पायरीवरच बसून होत्या.

“खुणा कुणी पुसल्या?”

“मी पुसल्या जी.”

“का पुसल्या? पांढऱ्या फुल्या घाण दिसत होत्या? अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि एवढं कळत नाही? आता सांगा, भरलेले कुठले?”

“थेच तं सांगत होती सकाळी.”

त्या पुढं आल्या.

“फुल्या पाहून पाहून मी अगोदर भरलेले पुढं ओढले. नऊ. रिकामे मांगं ठेवले. मंग धुतलं. मंग भरलेल्यायलेच हळदकुकू लावलं अन् माळा घातल्या. रिकाम्याची कोणी पूजा करते का जी? घरी घट बसवतो तं भरूनच बसवतो ना? आरती झाली का पुन्हा फुल्या मारणार होती. हा पाहा खडू.” त्यांनी पदराची गाठ पुढं केली. गाठीत खडूचा तुकडा होता.

“मग सकाळी हे—” म्हणता म्हणता मीच थांबलो.

“तुमी म्हणले, एक अक्षर नको.”

फोन वाजत होता. सिस्टर पौनीकर. नऊ-दहा मिनिटं उरली असतील म्हणाल्या.

मी सिलेंडरांच्या खांद्यांकडं डोळे ताणून पाहिलं. कुंकवाचा मागमूस नव्हता. वेणूबाईंनी माझा हुकूम इमानेइतबारे पाळला होता. हळद थोडीफार राहिली असेल, पण तो पांढरा रंगच इतका जुना आणि पिवळट झाला होता की हळद कुठली आणि रंग कुठला, काही उमगेना.

“आठवतंय का, कुठले कुठं ठेवले?”

“मारोतीनं उचलले जी. मी पुसत होती.”

मी पुन्हा रेग्युलेटर उचलला. चौथ्याला लावणार इतक्यात वेणूबाई म्हणाल्या, “थांबा जी. चुना हाये माह्यापाशी.”

“चुन्याचं काय करू?”

त्यांनी कमरेची तंबाखूची डबी काढली, करंगळीवर चुना घेतला, थोडा ओला केला आणि पहिल्या सिलेंडरच्या पांढऱ्या खांद्यावर चोळला. काही झालं नाही. दुसऱ्यावर चोळला. काही नाही. ते दोन्ही मी आधीच मोजून रिकामे ठरवलेले होते हे माझ्या लक्षात आलं. तिसऱ्यावर, त्या गंजक्या झडपेच्या सिलेंडरवर, त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाखाली तांबडा डाग उमटला. दोन बोटांएवढा, जिथं सकाळी हळद लावली होती तिथंच.

“हा भरला हाये,” त्या म्हणाल्या. “हळद जात नाई जी कोठी. नुसती डोळ्याले दिसत नाई. चुना लागला का लाल होते. कुकू असंच तं करतात.”

मी बी.फार्म. झालेला माणूस. हळद आणि चुन्याचा प्रयोग शाळेत केला होता, परीक्षेत लिहिला होता. त्या क्षणी तो माझ्या डोक्यात आला नव्हता, शंभर वर्षांत आला नसता.

त्या बोट फिरवत पुढं गेल्या. लाल. नाही. लाल. लाल. नाही. मी आणि मारोती मागोमाग लाल डागांचे सिलेंडर ओढत उजव्या भिंतीशी नेत होतो. झडपा पुसून तीन जोडून झाले तेव्हा मी झडप उघडली. नळीत हवा शिरल्याचा आवाज आला, मग तो आवाजही स्थिर झाला. फोन वाजला.

“प्रेशर आलं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता. “खराडे, छोटा आत्ताच संपला होता हो. आत्ताच.”

“शालिनी?”

“ब्याऐंशीवर गेली होती. चढतेय. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.”

मी धुतलेल्या फरशीवर तसाच बसलो. शालिनीची सासू अजून दाराशी होती. “आला का जी?” तिनं विचारलं. वेणूबाईच म्हणाल्या, “आला माय. जा, पोरीजवळ बस.” मोजले तेव्हा लाल डाग बरोबर नऊ भरले. वेणूबाईंची करंगळीही लाल झाली होती.

गाडी तीन वाजता आली. बोनेटवर हार, पुढच्या चाकांना चिकटलेल्या लिंबांच्या साली. चालकानं मला पेढा दिला.

चौकशी आठव्या दिवशी झाली. जिल्ह्याहून दोन अधिकारी आले, अधीक्षकांच्या खोलीत बसले. समोर फाईल होती आणि फाईलमध्ये सगळ्यात वर माझा अहवाल, घटनेच्या आधी जवळजवळ अडीच तास लिहिलेला. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

“तुम्ही आधीच धोका ओळखला होता.”

“हो,” मी म्हणालो.

डॉ. अलोण्यांना पूजेच्या परवानगीबद्दल विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. काट्याबद्दल विचारलं. पत्रव्यवहार चालू असल्याचं त्यांनी सांगितलं. मग वेणूबाईंना बोलावलं. त्या धुतलेलं लुगडं नेसून, दोन्ही हात पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

“खडूच्या खुणा कुणी पुसल्या?”

“मी पुसल्या जी.”

“आणि भरलेल्या सिलेंडरांना कुंकू होतं म्हणता, तर ते कुणी पुसलं?”

“मीच पुसलं.”

अधिकारी लिहीत होते. वेणूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रोखून नव्हे, दटावून नव्हे, सहज. मी नोंदवहीची पानं सरळ करत होतो. नऊ भरलेले, पंधरा रिकामे, तारीखवार. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मी पुसायला लावलं’. तीन शब्दांचं. वाटलं, विचारतील तेव्हा सांगू. त्यांनी विचारलं नाही. त्यांना कारण मिळालं होतं, कारणाखाली सही मिळाली होती आणि जेवायची वेळ झाली होती.

महिन्याभरानं निकाल आला. वेणूबाईंच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद, निवृत्तीला चार महिने उरले असताना, अठ्ठावीस वर्षांत पहिली. आणि मला प्रशंसापत्र. ‘प्रसंगावधान राखून, रासायनिक चाचणीच्या आधारे भरलेले सिलेंडर ओळखून रुग्णांचे प्राण वाचविल्याबद्दल.’ ती चाचणी घटनेनंतरच्या माझ्या अहवालात लिहिलेली होती, पण कर्त्याशिवाय, कर्मवाच्य वाक्यात. ‘चुन्याच्या साहाय्याने चाचणी करण्यात आली.’ करण्यात आली. कुंकू पुसण्यात आलं, खुणा पुसण्यात आल्या, चाचणी करण्यात आली. सरकारी मराठी फार सोयीची भाषा आहे.

शालिनीला फेब्रुवारीत मुलगी झाली. सासू पेढे घेऊन आली आणि थेट माझ्या टेबलाशी आली. “गॅसवाले सायेब, तुमच्यामुळं.” मी पेढा घेतला. वेणूबाईंकडं जा असं तिला सांगितलं, पण वेणूबाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या.

मार्चच्या शेवटच्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, डॉ. अलोण्यांचं भाषण. सगळे पांगल्यावर मी त्यांना ऑक्सिजनच्या खोलीच्या पायरीवर गाठलं. त्या आपली पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. पाच महिने या प्रश्नानं मला झोपू दिलं नव्हतं आणि तरी तो विचारताना माझा आवाज चिडका निघाला, जणू चूक त्यांचीच होती.

“वेणूबाई, चौकशीत तुम्ही सांगितलं का नाही? मी पुसायला सांगितलं होतं म्हणून?”

“मले इचारलं कोठी जी? कोण पुसलं म्हणे, मी म्हनलं मी. खोटं काय बोलली?”

“पण तुम्हाला ताकीद मिळाली.”

“मिळाली.”

“मग एक शब्द बोलायचा होता.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पदराची गाठ सोडली. खडूचा तो तुकडा अजून तिथंच होता, झिजून बोटाच्या पेराएवढा झालेला. त्या पाच महिने रोज त्यानंच फुल्या मारत होत्या. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

“मी बोलली असती तं तुमचं नाव माह्या तोंडून निघालं असतं,” त्या म्हणाल्या. “म्हनलं, सायेब आपल्यानंच बोलतीन. म्हणून मी वाट पाह्यली.”

त्यांनी पिशवी उचलली आणि फाटकाकडं चालू लागल्या. ती चौकशी पावणेदोन तास चालली होती.